नाचणीबाहेरचं

संगमेश्वर, १२ सप्टेंबर २०२५

चि. मनस्वीस तुळसाकाकीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळी खुशाल, मी सोडून. फोनवर बोलले तर तुझे साहेब तेही कापतील, म्हणून पोस्टाने लिहिते.

माझ्या फोनात ते भाषा बदलणारं मशीन तूच घालून दिलंस. काकी, तू आपल्या बोलीत नाचणीचं सांग, केनियातल्या अकिन्यीला तिच्या भाषेत ऐकू येईल, असं म्हणालीस. दोन पावसाळे बोललो आम्ही. पाखरं कशी हाकायची, बियाणं राखेत कसं ठेवायचं. मध्यंतरी तिने विचारलं, तान्ह्या लेकीला नाचणी कशी भरवू. मी हौसेने सत्त्व करायला शिकवलं. पुढे महिन्याभराने म्हटलं, नाचणीच्या सत्त्वाने पोरीने आता बाळसं धरलं असेल. काल बोलली की ते नाचणीचं सत्त्व आता कोणाला भरवू, लेक गेल्याचं तुला आधीच कळवलं होतं, तरी तू असं बोललीस.

मला ते ऐकूच आलं नव्हतं गो. मधे कात्री घेऊन कोण बसलंय? त्या बाईपुढे मला राक्षशीण केलंत. उत्तर दे, नाहीतर तुझं ते मशीन काढून टाक.

तुझ्यावर रागावलेली,
काकी

पुणे, १९ सप्टेंबर

ती. काकीस मनस्वीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा राग खरा आहे. मी तपासलं. शेतीबाहेरचं बोलणं मशीन गाळून टाकतं, असा आमच्या ऑफिसचा नियम आहे. साहेबांपुढे हे मांडलं, तर म्हणाले, आपला प्रकल्प धान्याचा आहे, सुखदुःखाचा नाही. मी मीटिंगमधून उठून आले. विनीतदादा म्हणतो, माझ्या आईच्या नादाने नोकरी घालवशील. घालवेन.

केनियातल्या आमच्या ऑफिसच्या बाईंकडून अकिन्यीला सगळं कळवलंय. तिचा न कापलेला निरोप तुला पाठवलाय. ऐक, आणि मला परकी करू नकोस.

तुझीच,
मनस्वी

संगमेश्वर, ५ ऑक्टोबर

चि. मनस्वीस आशीर्वाद.

निरोप ऐकला. मग तुझ्या त्या बाईंमार्फत मी तिला माझ्या गंगाचं सांगितलं, विनीतच्या आधीची लेक, तापात गेली ती. घरात तिचं नाव कोणी काढत नाही, तुझे काकासुद्धा. अकिन्यीने ते नीट उच्चारलं आणि विचारलं, गंगाला काय आवडायचं? आजवर मला हे कोणी विचारलं नव्हतं.

राग गेलेला नाही. नियम निघेपर्यंत वाडीतली एकही बाई नाचणीचा शब्द सांगणार नाही, असं आम्ही ठरवलंय. हे पत्र साहेबांना वाचून दाखव. गंगाला गूळ घातलेली आंबील आवडायची, तेही वाच. आंबील नाचणीची असते, तेवढं ते ठेवतील.

पोरी, जेवत जा. माया आहे तशीच आहे.

काकी