डोरोथेयाची फांदी

॥ श्री ॥
ब्राउनश्वाइग,
५ मे २०२४

चि. स्नेहलता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कागदावर लिहायचं आणि त्याचा फोटो धाडायचा, ही आपली रीत अन्वीला भारी गमतीची वाटते. आजोबांनी सरळ टाइप करावं, असं माझी ही नात मला जर्मनमध्ये सांगते, आणि मी मराठीत नाही म्हणतो. दोघांनाही सगळं कळतं.

खिडकीबाहेर जांभळ्या तुऱ्यांचं एक झाड फुललंय. ते पाहिलं की चौथीचा वर्ग आठवतो. गुरुजी कवितेचा एक चरण म्हणत, मागून आम्ही. तू पहिलीतली चिमुरडी, दाराशी उभी राहून आमच्याआधी पाठ करायचीस आणि वर जीभ दाखवायचीस.

सध्या मी एका मोठ्या कामात आहे. खालच्या मजल्यावर फ्राऊ ल्यूडर्स, म्हणजे ल्यूडर्सबाई, राहतात; आडनाव माहेरचंच, वय ब्याऐंशी. मी कागद कचऱ्याच्या भलत्या डब्यात टाकताना त्यांनी मला पकडलं, तेव्हापासून मैत्री. त्यांना मी आपला कुलवृत्तांत दाखवला, तर त्यांनाही आपल्या घराण्याची वंशवेल हवीशी झाली. भिंतीला लावायच्या कागदाची उरलेली गुंडाळी घेऊन मी अगदी आपल्या पुस्तकासारखी वेल काढली. त्या सांगतात, अन्वी मला समजावते, मी गोल काढतो. खाली दोन ओळीही लिहिल्या आहेत:

सातासमुद्रांपार गेली जरी लेक,
झाडाला ठाऊक पान एकेक.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. अमेरिकेतून, विस्कॉन्सिनहून, मिसेस हॉलोवे नावाच्या बाईंची फ्राऊ ल्यूडर्सना मेल आली. त्यांच्या खापरपणजीचं माहेरचं नाव डोरोथेया ल्यूडर्स. ती १८५० नंतर जहाजाने तिकडे गेली, लाकडी शाळेत मास्तरीण झाली, सगळ्या वस्तीच्या पोरांना कविता पाठ करायला लावायची. ऐकायला कोणी नसेल तर गाईंपुढे म्हणा, असा तिचा हुकूम! पण तिचे आईबाप कोण, भाऊ कोण, घर कुठलं, हे कोणालाच माहीत नाही. बाई युरोप फिरत फिरत महिनाअखेरीस जर्मनीत येताहेत. गुडघे गेलेत, त्यामुळे हा शेवटचाच प्रवास म्हणतात. डोरोथेया तुमच्यातली का, असं त्यांनी विचारलं होतं.

इंग्रजीचं खातं फ्राऊ ल्यूडर्सनी माझ्यावर सोपवलंय. मी वेल मुळापासून शेंड्यापर्यंत पाहिली. डोरोथेया कुठेच नाही. जड मनाने तसं कळवलं. आभार मानून त्या म्हणाल्या की आता ब्राउनश्वाइग गाळते आणि हॅम्बुर्गचं बंदर तेवढं पाहून परत जाते.

तुझ्या गुडघ्यांना तेल लावत जा. लोभ आहे, त्याला पाणी घालत राहा.

तुझा
यशवंतदादा

*

पुणे,
९ मे २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी वेल फोटोत मोठी करून पाहिली. सुनेने, मीनलने, चष्मा शोधून दिला. सगळे गोल नीट पाहिले: योहान, हाइनरिश, विल्हेल्म, कार्ल, पुन्हा हाइनरिश. दादा, या ल्यूडर्सांच्या घरात दोनशे वर्षांत एकही मुलगी जन्मली नाही होय रे? मग बिचाऱ्या फ्राऊ ल्यूडर्स कुठून आल्या? त्यांचाही गोल नाही!

अगदी आपल्या पुस्तकासारखी काढलीस, हे खरंच आहे. आपल्या कुलवृत्तांतात तरी मी कुठे आहे? आणि तुझ्या नावाखाली काय छापलंय ते वाचलंस का? 'निर्वंश'. मुलगा नाही ना तुला. म्हणजे ज्या लेकीच्या, क्षितिजाच्या, घरी बसून तू बटाटे खातोस, ती आपल्या चुलतभावाच्या, देवदत्तच्या, छापील आवृत्तीप्रमाणे नाहीच. गंमत म्हणजे प्रुफं तूच तपासलीस. एक वेलांटी चुकू दिली नाहीस!

तुझी कविता छान आहे. झाडाला एकेक पान ठाऊक असेलही, ते काढणाऱ्याला नव्हतं. आता ऊठ, जिना उतर आणि त्या बाईंना मुलींची नावं विचार.

रागावलास तर लोभ अर्धाच ठेव, पण उत्तर पूर्ण लिही.

तुझी
स्नेहलता

*

ब्राउनश्वाइग,
१२ मे २०२४

चि. स्नेहलता हिस,
आशीर्वाद. (पहिलीतल्या दारातून अजून जीभ दाखवतेस.)

चप्पल उलटी घालून, अन्वीला घेऊन खाली गेलो. डोरोथेया नावाची कोणी होती का, असं विचारताच फ्राऊ ल्यूडर्स म्हणाल्या, जा, जा (म्हणजे हो, हो), होती की! पणजोबांची सख्खी बहीण. धार काढताना गाईला कविता म्हणून दाखवायची. ती अमेरिकेला गेली आणि गाय पान्हा चोरू लागली. मग घरातल्या बाप्यांना त्या कविता पाठ करणं भाग पडलं. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरात चालत आल्या. फ्राऊ ल्यूडर्सनी तिथल्या तिथे एक म्हणून दाखवली, हात मागे बांधून, शाळेतल्यासारखी. मला अर्धं कळलं नाही, पण डोळे भरले.

मग हे आधी का नाही सांगितलंत, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही आपले मुलगा कोण, त्याचा मुलगा कोण, एवढंच करत होतात. आम्हांला वाटलं, तुमच्या देशात असंच काढतात. आणि पुढे म्हणाल्या, गेनाऊ, म्हणजे अगदी तसंच.

आता खरी पंचाईत. मिसेस हॉलोवे प्रवासाला निघाल्या आणि मेल बघत नाहीत. क्षितिजाने त्यांनी मेलमध्ये लिहिलेल्या हॅम्बुर्गच्या हॉटेलला फोन केला, तर डाटेनशुट्झ! म्हणजे पाहुण्यांची माहिती गुप्त. अशी बाई उतरणार आहे की नाही हे ते सांगणार नाहीत, पण उतरलीच तर निरोप देतील म्हणे. माझ्या एका 'नाही'मुळे ती म्हातारी माहेराच्या दारावरून परत जायची. घास गोड लागत नाही. निरोपात काय लिहू, सुचव.

लोभाची आज खरी गरज आहे.

दादा

*

पुणे,
१४ मे २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

निरोप लांबवू नकोस. कविता तर मुळीच करू नकोस. एवढंच लिही की गाय अजून डोरोथेयाची वाट पाहते आहे, घरी या. तिची असेल तर समजेल.

आल्या तर रिकाम्या हाताने धाडू नका. माहेरवाशीण आहे. क्षितिजाला ओटी भरायला सांग. खण नसेल तर रुमाल चालेल. बाई सधवा की विधवा ही चौकशी करत बसू नका, लेक ती लेक. नारळ मात्र सोललेला द्या, नाहीतर विमानतळावर बाँब समजतील.

काल देवदत्तकडे गेले होते. आपला हा चुलतभाऊ म्हणतो, मुली सासरच्या कुलवृत्तांतात येतात. मी म्हटलं, आमच्या सासरचं पुस्तकही पाहिलंय. तिथे लग्नात बदललेलं नाव आहे, प्रभा. स्नेहलता नावाची बाई दोन्ही जाडजूड पुस्तकांत नाही. त्यावर तो चहा घेणार का म्हणाला. घेतला. दोन कप.

हसत लिहिलंय, पण तेवढं हसू येत नव्हतं बरं का. लोभ कुठल्या नावावर ठेवायचा ते तू ठरव.

स्नेहलता

*

ब्राउनश्वाइग,
२७ मे २०२४

चि. स्नेहलता हिस,
अनेक आशीर्वाद, आणि एक नमस्कारही. वयाचं राहू दे.

आल्या! निरोप लिहून घेताना हॉटेलच्या पोरीने क्षितिजाला म्हणे दोनदा विचारलं, गाय हा शब्द बरोबर आहे ना. मिसेस हॉलोवे गाडीतून उतरल्या, हातात काठी, पायात पांढरे बूट. फ्राऊ ल्यूडर्स दारात उभ्या होत्या. एकीला जर्मन येत नाही, दुसरीला इंग्रजीचा तिटकारा. मी दुभाषा म्हणून घसा खाकरतोय, तोवर फ्राऊ ल्यूडर्सनी हात मागे बांधले आणि ती गाईची कविता सुरू केली. दुसऱ्या ओळीला मिसेस हॉलोवेंनी काठी भिंतीला टेकवली, हात मागे बांधले आणि उच्चार पार मोडके, पण सबंध कविता बरोबरीने म्हटली. अर्थ माहीत नव्हता, त्यांच्या आजीने पाठ करून घेतली होती. माझी गरजच पडली नाही.

मग वेल पाहिली. मी ती नव्याने काढली आहे, सगळ्या लेकींसकट. आता कागद पुरत नाही, दारापर्यंत गेलाय. डोरोथेयाच्या गोलावर बाईंनी बोट ठेवलं. ओटी क्षितिजाने भरली. हे काय म्हणून फ्राऊ ल्यूडर्सनी विचारलं. माहेरची लेक रिकामी जात नाही, असं अन्वीने समजावल्यावर त्यांनी आत जाऊन आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी आणली आणि नारळाशेजारी ठेवली. वर ऐकवलं की बरणी रिकामी झाली की परत आणायची असते. म्हणजे बाईंना पुन्हा येणं आलं.

आता घरचं. काल अन्वीने आपला कुलवृत्तांत उघडला आणि माझ्या नावाखालचा शब्द काय, असं विचारलं. मी सांगितला. तिने पेन्सिलीने तो खोडला आणि खाली लिहिलं: क्षितिजा, अन्वी. देवनागरीत, स्नेहलता! 'क्षि' फार वाकडा आलाय, पण मी प्रूफ तपासलं नाही. पानाचा फोटो देवदत्तला धाडला आहे. त्याने विचारलंय, चहा घेणार का.

मग आत्याआजी कुठे, म्हणून ती अडून बसली. माझ्या शेजारी तुझी फांदी काढली, पण ती बरीच वर गेली, थेट माझ्या डोक्यावर. असं का विचारलं, तर जर्मनमध्ये म्हणाली की ती तुम्हांला ओरडते, मग वरच असणार. मी खोडरबर मागितला नाही.

लोभ स्नेहलताच्याच नावावर ठेवला आहे. तो वरून खाली येऊ दे.

तुझा
दादा