गठ्ठ्यामधल्या सळया

३ मार्च
चि. भिंगास अ. उ. आ.
पत्र ट्रकवाल्याच्या हाती देतोय. परदेशातून आलेला पोलादी सळयांचा लॉट बंदरावरच्या गोदामात, तपासनीस म्हणून तुझी सही हवी, तिच्यावाचून अडकलाय. इथे क्रेनचे हुक घडवायची भट्टी सोमवारपासून थंड आहे आणि मालक दर तासाला माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. पुरवठादाराचं प्रमाणपत्र जोडलंय, शिक्के जागच्या जागी आहेत. लहानपणी तू दुधातही भिंग धरून बघायचीस, म्हणून हे नाव पडलं. पण सळई न् सळई चाखून बघायला नको. उद्या सही पाठव.
रागावला तरी तुझाच,
दादा

४ मार्च
ती. स्व. दादास सा. न. वि. वि.
सही पाठवत नाही. गठ्ठ्याच्या बाहेरच्या सळया कागदाबरहुकूम निघाल्या. मधल्यांच्या टोकाला पोलादाची जात सांगणारा रंग असतो, तो मात्र नखाने निघत होता, म्हणून गठ्ठे सोडायला लावले. चार सळया कापल्या. चारही साधं, मऊ लोखंड. वर ठोकलेला क्रमांक मात्र प्रमाणपत्रातलाच. गोदामवाले म्हणाले, बाई, कागद असताना लोखंड कशाला कापता? मी म्हटलं, वजन कागद उचलणार नाही.
मी बाळंतपणाच्या रजेवर असताना जानेवारीत याच पुरवठादाराचा माल आला होता. तो कोणी तपासला?
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भिंग

५ मार्च
चि. भिंगास आशीर्वाद.
कोणीच नाही. प्रमाणपत्र बघून मीच सही केली. त्या मालाचे नऊ हुक झाले. आठ आवारात पडून आहेत. नववा आपल्याच कारखान्यातल्या क्रेनवर आहे आणि त्याखालून दिवसभर माणसं ये-जा करतात.
तुझं पत्र वाचून तसाच खाली धावलो. ओझं अधांतरी होतं. क्रेनवाल्याने ते इंचाइंचाने खाली टेकवलं. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, भावाबहिणीने मिळून कारखाना बंद पाडायचा घाट घातलाय. मी म्हटलं, सही माझी आहे, बोलायचं ते मला बोला. उद्या तो हुक उतरवून यंत्रावर ओढून बघणार आहेत.
जास्त लिहवत नाही.
दादा

६ मार्च
ती. स्व. दादास सा. न.
आठही हुकांना लाल रंग मारून कुलपात ठेव. अहवालात मी जानेवारीच्या मालावरची तुझी सही नोंदवली आहे. झाकता आली असती. हात धजला नाही. क्रेन तू थांबवलीस, तेही लिहिलंय.
मनात किंतु न ठेवता उत्तर धाड.
भिंग

१४ मार्च
चि. भिंगास अ. उ. आ.
ठरलेल्या भाराच्या निम्म्यावरच हुक उघडला. आकसलेलं बोट सरळ व्हावं तसा. आजवर ओझी हलकी होती म्हणून निभावलं. मालक खुर्ची मागवून बसले. माल परत चाललाय. तुझा अहवाल त्यांनी मला वाचायला दिला. माझं नाव दोनदा आहे आणि दोन्ही ठिकाणी खरं आहे.
खरेदीवरून काढून मला खाली माल उतरवून घ्यायला ठेवलंय. पहिल्या दिवशी क्रेनखालून जायचं टाळून मी भिंतीकडेने फिरत होतो. क्रेनवाल्याने ते वरून पाहिलं. दुपारी खाली आला, माझा हात धरून बाहेरून मागवलेल्या नव्या हुकाखाली घेऊन गेला. म्हणाला, साहेब, हा तुमच्या बहिणीने तपासलाय. मग तोही माझ्या शेजारी उभा राहिला.
तुझ्या लोभात खोट नाही, एवढं न तपासताही ठाऊक असलेला,
दादा