हात थांबला की खूण

२ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टर म्हणाले, वाचून दाखवत जा. काय वाचू? — काहीही. आवाज कानावर पडू दे, बाकी आशा धरू नका. हे सांगायलाच नको होतं! पाच महिने झाले झटका येऊन. ह्यांच्या तोंडून शब्द नाही, नजरेत ओळख नाही. उजवं अंग गेलं. डाव्या हाताची बोटं मात्र दिवसभर चादर चिमटत असतात. नर्सबाई म्हणतात, चाळा आहे तो, त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं.

ज्यानं स्वतः पुस्तकं लिहिली त्याला दुसऱ्याचं कशाला वाचायचं? ह्यांचंच काढलं.

हे लिहितेय तेही ह्यांच्याच प्रुफांच्या पाठकोऱ्या कागदांवर. नवी वही कशाला?

५ फेब्रुवारी, शनिवार

पहिलं पुस्तक — घराण्याचं. सासूबाई, तिन्ही काका, वाटण्यांची भांडणं, सगळं नावानिशी. छापून आलं आणि अर्ध्या नातेवाइकांनी बोलणं टाकलं. येणंजाणं कमी झालं, साखर महिनाभर पुरायला लागली — तेवढाच फायदा!

वाचता वाचता आठवलं. लिहून झालं की हे कागद घेऊन स्वयंपाकघरात यायचे. मी धान्य निवडत बसलेली. वाचताना ह्यांचा एक डोळा माझ्या हातांवर. हात जिथे थांबला तिथे पेन्सिलीने खूण. खुणेचं राहायचं, बाकीचं बिनदिक्कत कापायचे.

"अहो, सगळंच छान आहे की."

"तुझं तोंड भिडस्त आहे. हातांना भीड नाही."

आता वाचणारी मी. ऐकणारं कुणी नाही.

९ फेब्रुवारी, बुधवार

प्रकाशक येऊन गेले. गोदाम रिकामं करायचंय. उरलेल्या प्रती न्या, नाहीतर रद्दीत जातील. "वहिनी, राग मानू नका. एकदा घराणं, एकदा देव, एकदा धरणाचा इतिहास! दुकानदाराला कळायचंच नाही, कुठल्या फळीवर ठेवायचं." म्हटलं, "मलाही कधी कळलं नाही. सगळी एकाच कपाटात ठेवली." हसले. चहा अर्धा टाकून गेले.

१० फेब्रुवारी, गुरुवार

सगळं जसंच्या तसं.

१३ फेब्रुवारी, रविवार

देवावरचं पुस्तक संपलं. तीनशे पानं देवाशी वाद! हात मात्र एकदा जोडले नाहीत. मी विचारलं होतं, "नाहीच म्हणता, तर भांडता कुणाशी?" तर तीच ओळ उचलून पुस्तकात घातली. मला न विचारता!

आज ह्यांच्या उशाशी बसून देवाला सांगितलं. मोठ्याने. ओठ मिटून केलेली प्रार्थना मला पोचल्यासारखी वाटत नाही. म्हटलं, ने रे बाबा आता ह्यांना. पाठीला जखमा झाल्यात. कूस बदलताना माझे हात लटपटतात. मी थकले. तू असशील तर ने.

असशील तर! — माझ्या तोंडून हे? चाळीस वर्षांची संगत, दुसरं काय.

१६ फेब्रुवारी, बुधवार

थोरला आला. अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेचं सगळं ठरवूनच आला. "आई, तिथे दिवसरात्र माणसं असतात. तू आरशात बघितलंयस का स्वतःला?"

"हळू बोल. जागे आहेत ते."

"त्यांना काय कळतंय, आई? ही खुर्ची आणि बाबा, आता —" मग जीभ चावली. ह्यांच्या पायांवरचं पांघरूण उगाच सारखं करत बसला. वाईट नाही तो. खोटंही बोलला नाही.

संस्थेतल्या बाई फोनवर म्हणाल्या, ओळखीच्या एकदोन वस्तू द्या. पुस्तकं नकोत, धूळ धरतात.

हो म्हटलं. गाडी मंगळवारी सकाळी.

१९ फेब्रुवारी, शनिवार

धरणाचा इतिहास. रुक्ष! तळटीपा मी गाळल्या. बोटं चालूच, चालूच. शेवटी चिडून हात दाबून धरला. सोडला, की पुन्हा सुरू. मग रडू आलं. कुणाशी भांडतेय मी?

२१ फेब्रुवारी, सोमवार

बांधाबांध झाली. दोन सदरे, चष्मा, जुना कंगवा. एक पुस्तक तेवढं वाचायचं राहिलं — धाकट्या लेकीवरचं. नऊ वर्षांची होऊन गेली ती. तेव्हाच ह्यांना बजावलं होतं, लिहायचं तर लिहा, माझ्यासमोर वाचायचं नाही. माझ्या हातांवाचून झालेलं हे एकच. घरात आलं तसं कागदात गुंडाळून माळ्यावर टाकलं. उद्या हेच जाणार, मग कुणाला भ्यायचं? संध्याकाळी खाली काढलं.

"तिच्या चपला दारातच राहिल्या. बाजूला कुणी केल्या नाहीत. आम्ही त्या ओलांडून जात-येत राहिलो."

ह्यांनीही? मला वाटायचं, मी एकटीच ओलांडत होते.

पुस्तक मांडीवर ठेवलं. वर बघितलं, तर ह्यांची बोटं थांबलेली! वाटलं, झालं. छातीवर हात ठेवला — श्वास चालू. धीर करून पुढचं पान वाचलं. बोटं हलायला लागली. मागे येऊन चपलांची ओळ वाचली. थांबली. पुन्हा पुढे गेले — हलली. पुन्हा मागे — थांबली.

मग जवळ जाऊन नीट बघितलं. चिमटीत धरायचं, बाजूला टाकायचं. चिमटीत धरायचं, बाजूला टाकायचं. चाळा कसला! निवडत होते.

पेन्सिल आणली. त्या ओळीपाशी खूण केली.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी परत पाठवली. थोरला फोनवर चिडला, "कशाच्या जोरावर, आई?"

म्हणजे सगळं ऐकलंय ह्यांनी. थोरल्याचं. त्या रविवारी देवाला सांगितलेलं माझंही.

आज प्रार्थना ओठ मिटून केली.