पुंजाजीच्या वाटणीचा गूळ

मी, गोजरबाई पुंजाजी म्हसाळ, वय अदमासे पन्नास, धंदा कापसातली सरकी काढायच्या जिनात मजुरी, राहणार जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय, राजीखुशीने लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती छाती, आणि मृत्युपत्र छातीने करत नाहीत. मजकूर अर्जनवीस महादेवराव लिहीत आहेत. मी थांबत थांबत सांगेन, त्यांनी घाई करू नये.

कलम १. जिनामागच्या गल्लीतले दोन खोल्यांचे मातीचे घर माझ्या नावचे आहे. ते माझी एकुलती एक मुलगी जनकाबाई हिला मिळावे. जावई भला माणूस आहे, तरी कागदावर नाव तिचेच राहावे. अट एकच. दिवाळीनंतर जिन सुरू होईल तेव्हा तिने माझ्या जागी कामाला जायचे नाही. गेली तर घर माझे दीर कारभारी यांना जाईल. हे दीर मला डोळ्यांसमोर नको असतात, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणूनच त्यांचे नाव घातले.

कलम २. हंडा, पाटा-वरवंटा जनकाबाईला. नवी गोधडी शेजारच्या केसरबाईला. ती जिनात एक दिवसही गेलेली नाही, तरी खोकला आमच्यासारखाच आहे. आमच्या गल्लीत वाळवण घातले की तासाभरात त्यावर कापसाचे तूस बसते.

कलम ३. तोंडाला बांधायचे माझे फडके मुकादम गुलाबराव यांना द्यावे, न धुता. बायका फडक्यात कापूस लपवतात म्हणून त्यांनी आम्हाला ते सोडायला लावले. वर म्हणाले, गूळ मिळतो ना, मग फडके कशाला.

कलम ४. आता गुळाची हकिगत. महादेवराव म्हणतात, मृत्युपत्रात हकिगत नसते. माझ्या मृत्युपत्रात आहे. जिनात रोज काम सुटले की प्रत्येक मजुराला गुळाचा खडा मिळतो. आत गेलेली धूळ गूळ उतरवतो, असे सगळे धरून चालतात. माझे मालक पुंजाजी तो खडा कधी खात नसत. धोतराच्या सोग्यात बांधून जनकासाठी घरी आणत. ती दारात बसून वाट पाही. बारा वर्षांपूर्वी ते दम लागून गेले, तेव्हा ती आठ वर्षांची होती. राख सावडून आल्यावर कारभारींनी भरल्या घरात तिला म्हटले, "तुयापायी गेला तो. त्याच्या वाटणीचा गूळ तू खाल्ला."

मी गप्प राहिले. मलाही ते खरे वाटले होते. हा माझा गुन्हा मी इथे कबूल करते. त्या दिवसापासून जनकाने गूळ तोंडाला लावलेला नाही, संक्रांतीला नाही, स्वतःच्या लग्नातही नाही. आणि आता म्हणते, "बाबा मायापायी गेला. तुई जागा मीच भरीन, माय. तू घरी बस."

कलम ५. पुंजाजींच्या मागे मी त्याच यंत्रापुढे उभी राहिले. रोजचा खडा तिथेच चावून खाल्ला, एक दिवस चुकवला नाही. तरी आठवडी बाजाराच्या सुटीनंतर कामावर गेले की छाती आवळायची. पुढे रोजच आवळू लागली. गेल्या माघात खामगावच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला. मी भीत भीत गुळाचे विचारले. तो हसला नाही. म्हणाला, "गूळ पोटात जातो, बाई. धूळ छातीत बसते. दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत."

म्हणजे न खाणारा गेला आणि खाणारीही चालली. लेकराचा यात काही दोष नव्हता. बारा वर्षे तिने फुकट भोगले, याचे मला फार वाईट वाटते.

कलम ६. डॉक्टरकडून आल्यावर हंगाम संपेपर्यंतचा गूळ मी खाल्ला नाही. तो फळीवरच्या पितळी डब्यात आहे. उन्हाळ्यात पाझरला असेल, पण गूळच आहे. माझे प्रेत उचलण्याआधी कारभारींनी तो डबा आपल्या हाताने उघडावा आणि जनकाला खडा द्यावा. तोवर मला उचलू नये. कारभारी हे लिहिताना समोर बसले आहेत, मुद्दाम बोलावले आहे. मान खाली आहे, पण ऐकू येते त्यांना.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. सांगितला तसाच उतरला आहे.

जळगाव जामोद, ता. ९ ऑक्टोबर १९६६
निशाणी डाव्या अंगठ्याची, गोजरबाई पुंजाजी म्हसाळ

साक्षीदार:
१. किसनराव उमाळे, शेजारी (सही)
२. कारभारी म्हसाळ, दीर (अंगठा)

लिहिणाराचा शेरा: ज्याला घर मिळू शकते त्याने साक्ष करू नये, असे मी कारभारी यांना सांगितले. ते म्हणाले, "मायं नाव खोडा घराच्या कलमातून. साक्ष मीच देतो. तसं बोललो होतो मी, अन् ते खोटं होतं." नाव खोडले. अटीचे काय करायचे, असे विचारता आईजवळ बसलेल्या जनकाबाई म्हणाल्या, "राहू द्या, नाहीतर खोडा. मी जात नाही जिनात."

कलम सहामधला डबा कारभारी यांनी गोजरबाईंच्या हयातीतच, त्यांच्या समोर उघडला. जनकाबाईंनी खडा खाल्ला. सबब कलम सहा रद्द.