मुकी माशी

सोमवार, ८ एप्रिल १९८५

पोचलो एकदाचा! माहुलच्या धक्क्यावरून होडीने पाऊण तास, आणि तेवढ्यात नवी पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. वनस्पतिशास्त्राची पदवी खिशात घालून आठ वर्षं मुलुंडच्या क्लासमध्ये पोरांना पाकळ्या मोजायला शिकवल्या. आज पहिल्यांदा कुणीतरी पगार देऊन झाडांजवळ पाठवलं आहे. मुक्काम पाच आठवडे. तिवरबेट एवढंसं आहे की चहा गार व्हायच्या आत फेरी मारून होते. भोवती तिवरांची दाटी, मधे मिठागराची जुनी चौकी, तीच माझी खोली. सोबतीला राखणदार धाकूमामा, माहुलचे कोळी, साठीचे. मला साहेब म्हणतात आणि त्याच वाक्यात अरे-तुरे करतात. मला ते आवडलं.

काम एकच, इथली माशी. ती या बेटाबाहेर कुठे सापडत नाही असं आमच्या संस्थेचं म्हणणं. कोळी तिला मुकी म्हणतात. तांदळाच्या दाण्याएवढी, काळी, आवाज जवळजवळ नाहीच. ती कशावर जगते आणि तिच्यावाचून बेटाचं काय अडतं, हे मी शोधून लिहायचं. क्षमा म्हणाली, दोन महिन्यांची लेक सोडून माश्या मोजायला चाललात, शाब्बास. लेक ऋजुता. दोघी घाटकोपरला क्षमाच्या आईकडे आहेत. खरं सांगायचं तर निघताना माझाच पाय निघत नव्हता.

बुधवार, १० एप्रिल

तिवराला बारीक पिवळी फुलं आली आहेत आणि मुकी दिवसभर त्यांच्यावर. बेटाचं गणित सोपं दिसतंय. माशी आली की फूल फळतं, फळातून रोप येतं, रोपाच्या मुळांत खेकडे राहतात, खेकड्यांमागे बगळे.

फक्त एक गोष्ट डोक्यात शिरत नाही. साधी मधमाशी मध झाकून ठेवते आणि हात लावाल तर जीव घेते. मुकी मात्र झाडाच्या ढोलीत मध उघडाच ठेवते. खोडावरून ओघळतो, खाली चिखलात पडतो. बगळे चोच लावतात, उंदीर चाटतात, ही कुणालाही हाकलत नाही. इतका उदार जीव मी आमच्या नात्यात पाहिलेला नाही. मीही बोट बुडवून चाटलं. किंचित खारट, मग इतका गोड की डोळे मिटले. जीभ थोडी जड झाली, सुपारी लागल्यावर होते तशी.

शुक्रवार, १२ एप्रिल

धाकूमामांनी मला मध खाताना पाहिलं आणि ओरडले. कोळी हा मध तोंडाला लावत नाहीत, बेटाबाहेर तर नेतच नाहीत. तरी तो पाण्यात पडतो, हाताला लागतो, म्हणून त्यांची एक रीत आहे. बेटावर एकट्याने राहायचं नाही. संध्याकाळी एकाने डोळे मिटून पाठ करून बसायचं, दुसऱ्याने शिंगाळ्या माशाचा काटा त्याच्या तळव्यांना आणि पाठीला टोचायचा. हाय म्हटलं तर ठीक. गप्प राहिला तर त्याला त्याच दिवशी होडीत घालून गावी न्यायचं, मग तो कितीही नाही म्हणो.

मी म्हटलं, मीच टोचून बघतो की. तर म्हणाले, “डोले मीट नि पाट फिरव, साहेब. बघशील तं टोचलेला कललं असाच वाटंल.”

टोचला. मी कोकललो. मामा खूश.

शनिवार, १३ एप्रिल

संस्थेचा शिपाई शिवदास दर शनिवारी सामान घेऊन येतो. राहायला घाटकोपरलाच आहे. त्याच्याबरोबर क्षमाला मधाची बाटली पाठवली, बाळगुटीसाठी. बाजारातल्या गुळाच्या पाकापेक्षा हा किती चांगला, असं चिठ्ठीत लिहिलं. मामा तेव्हा जाळं धूत होते. त्यांना सांगितलं नाही.

सोमवार, १५ एप्रिल

मामा पुतणीच्या लग्नाला उरणला गेले. पौर्णिमेनंतर येतील, म्हणजे मेमध्ये. जाताना धाकट्या भावाला माझ्यापाशी ठेवतो म्हणून हटून बसले होते. मीच नको म्हटलं. टोचायला माणूस कशाला, मी काय लहान आहे? वहीत तक्ता आखलाय. रोज सहा वाजता टाचणीने दहा बोटं, दोन तळवे.

आजचा निकाल: बारापैकी बारा ठिकाणी जाणवलं.

गुरुवार, १८ एप्रिल

बारापैकी बारा. मध रोज सकाळी पोळीशी खातो. झोप छान लागते. डास चावत नाहीत.

दक्षिण टोकाला एक बगळा सोमवारपासून एकाच फांदीवर बसलाय. भरती आली, ओहोटी आली, हा हलत नाही. खाली खेकडे जमलेत. अंड्यांवर बसला असेल असं वाटलं, पण घरटं दिसत नाही.

शनिवार, २० एप्रिल

क्षमाचं पत्र. दोनदा वाचलं. रोज संध्याकाळी घर डोक्यावर घेणारी ऋजुता आता शहाण्यासारखी पडून असते म्हणे. मध लावला की बोट सोडत नाही. मंगळवारी डॉक्टरांनी ट्रिपल लशीचं इंजेक्शन दिलं, तर हूं नाही की चूं नाही. क्षमाने लिहिलंय, “डॉक्टरसुद्धा म्हणाले, इतकं गुणी बाळ पाहिलं नाही. मध संपत आलाय, अजून पाठवा.”

दुसरी बाटली आजच भरली. शिवदासला भरतीची घाई होती, तोवर तो गेलासुद्धा. वर क्षमाचं नाव लिहून दाराशी ठेवली आहे. पुढच्या शनिवारी नेईल.

बारापैकी बारा.

मंगळवार, २३ एप्रिल

बगळ्याजवळ गेलो. उडाला नाही. हात लावला तरी नाही. पंख उचलला.

पंखाखाली पोळं होतं. लटकलेलं नाही, आत बांधलेलं. बरगड्यांच्या मधे मेणाची घरं, नीट ओळीत, त्यांत पांढऱ्या अळ्या. पोटाचं मांस बरंचसं नव्हतं. आणि छाती धडधडत होती. तो माझ्याकडे बघत होता, अगदी स्वस्थ. पाय खेकड्यांनी खाल्ले होते. त्यालाही त्याचं काही नव्हतं.

चौकीत येऊन मी सगळं नीट मांडलं. मुकी मध साठवत नाही, वाटते. जो खातो तो बधिर होतो, मग बसून राहतो. त्याच्या उबेत तिची पिल्लं वाढतात. मग तो गळून पडतो, खेकडे आवरतात, चिखल सुपीक होतो, तिवर फोफावतो, फुलं येतात. म्हणून एवढ्याशा बेटावर इतकी दाट झाडी. इतकी नीटनेटकी साखळी कुठल्या पुस्तकात नाही.

हे लिहून झाल्यावर मला ऋजुताची आठवण झाली. आधी व्हायला हवी होती.

बुधवार, २४ एप्रिल

सहा वाजता डोळे मिटून टाचणी घेतली. डाव्या हाताचा अंगठा. टोचेल म्हणून वाट पाहिली. बराच वेळ. डोळे उघडले तर टाचणी डोक्यापर्यंत आत गेली होती.

डोळे उघडे ठेवून परत टोचलं. जाणवलं. हात झटकन मागेही घेतला. म्हणजे गेले दहा दिवस मी फक्त बघत होतो.

बाराच्या बारा ठिकाणी तसंच.

स्टोवर बोटं भाजली होती बहुतेक. दोन काळी आहेत. केव्हा ते माहीत नाही.

गुरुवार, २५ एप्रिल

क्षमाला चिठ्ठी लिहिली: मध बंद कर, बाळाला मोठ्या दवाखान्यात ने. खिशात ठेवली. आता ती घाटकोपरला पोचवायची.

ओहोटीत चिखलातून गेलं तर पलीकडे माणसं आहेत. होड्याही जातात. हाक मारली तर येतील. धक्क्याशी जाऊन बसलो. एक होडी गेली. दुसरी गेली. हाक मारायची आहे हे मला माहीत होतं.

घाबरायला हवं. स्वतःला सांगून पाहिलं, तुझी लेक आहे. हो, आहे. कळतं सगळं. फक्त होत काही नाही.

मध खायचा नाही असं ठरवलं. सकाळी पोळीला लावलेला होता. मीच लावला असणार.

शुक्रवार, २६ एप्रिल

शर्ट पाठीला चिकटलाय. निघत नाही. गोड वास येतो.

आडवा झालो की बारीक गुणगुण ऐकू येते. उशीत असेल म्हणून उशी बाहेर टाकली. तरी येते.

पाठ मला दिसत नाही. बघायला दुसरा माणूस लागतो—

उद्या शनिवार. शिवदास येईल. चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची. एवढंच काम.

शनिवार, २७ एप्रिल

शिवदास आला होता.

मी तिवराखाली बसलो होतो. केव्हापासून, आठवत नाही. होडी लागताना दिसली. त्याने साहेब, साहेब अशा चार-पाच हाका मारल्या. त्याला वाटलं असेल, मी कामाला गेलोय. उत्तर तोंडात होतं. देऊ म्हटलं, देतो—

त्याने सामान ठेवलं. पत्र ठेवलं. दाराशी क्षमाच्या नावाची बाटली होती, ती पिशवीत घातली. भला माणूस. काम विसरत नाही.

होडी गेली. चिठ्ठी माझ्या खिशात.

रविवार

पत्र आज उघडलं. बोटं दुमडत नाहीत, दातांनी फाडलं.

क्षमा लिहिते, ऋजुताचं वजन थोडं उतरलंय, पण त्रास काही देत नाही. दिवसभर छताकडे बघत असते. आणि गंमत म्हणजे गॅलरीत बारीक काळ्या माश्या यायला लागल्यात. थेट पाळण्यावर बसतात. “चावत नाहीत, म्हणून हाकलल्या नाहीत. तुमच्याच ना या? आई म्हणते, जावयाने पाठवलेल्या दिसतात. मध लावला की मीही बोट चाटते, सवयच लागली आहे.”

क्षमासुद्धा.

काहीतरी हललं. आत, बरगडीपाशी. दुःख असेल. किंवा त्या—

मधे पेन पडलं होतं. मी तसाच लिहीत होतो. अर्धं पान कोरं गेलं. परत लिहितो.

क्षमा. बाटली फोड. ओतू नकोस, फोड, पुरून टाक. पाळणा आत घे. खिडक्या लाव. तिचं झबलं काढ, पाठ बघ, काखेत बघ. तुझी पाठ आईंना बघायला सांग. मग ऋजुताला चिमटा काढ. जोरात. कीव करू नकोस, वळ उठू दे, ती रडेपर्यंत काढ. रडली तर अजून वेळ आहे. आणि नाहीच रडली, आणि तुलाही काही वाटलं नाही, तर