फीत कापेपर्यंत

३ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू. आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार, न चुकता. मुख्याध्यापकाच्या डोक्यात काय चालतं हे जगाला कळत नाही, निदान मला तरी कळावं.

मोठी घटना: शाळेतलं दिव्यांग स्वच्छतागृह बांधून पूर्ण. रुंद दार, पायरीऐवजी उतार, दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचे दांडे, पांढराशुभ्र कमोड. नागपूरच्या अख्ख्या बेसा भागात असं स्वच्छतागृह दुसऱ्या कोणत्याही प्राथमिक शाळेत नसावं. (चौकशी केलेली नाही.) खर्च सदर बाजारातले टाइल्सवाले नत्थूजी यांचा. कल्पना माझी. म्हणजे सुचली त्यांनाच, पण होकार मी दिला.

हे बांधलं चौथीतल्या रुचिकासाठी. ती व्हीलचेअरवर असते. जुनं स्वच्छतागृह मैदानाच्या टोकाला, वर पायऱ्या, आणि दार इतकं अरुंद की मीसुद्धा तिरका होऊन आत जातो. म्हणून तिची आई मयुरा सदरच्या कपड्याच्या दुकानातली ड्युटी टाकून रोज मधल्या सुट्टीत स्कूटीवर यायची, तिला घरी नेऊन परत आणून सोडायची. आज तिला सांगितलं की काम झालं, आता येऊ नका. तिने लगेच मालकाला फोन करून कळवलं की उद्यापासून मी पूर्ण वेळ. डोळे पुसत होती. मीही थोडे पुसले.

उद्घाटन होईपर्यंत कुलूप. चावी माझ्या खिशात.

५ नोव्हेंबर, बुधवार
रुचिका मधल्या सुट्टीत कुलपासमोर खुर्ची लावून बसली होती. कधी उघडणार म्हणाली. मी म्हणालो, लवकरच, आणि थाटात. ती म्हणाली, थाट नसला तरी चालेल. लहान आहे अजून.

चौथीच्या वर्गशिक्षिका दीप्ती मॅडम ऑफिसात आल्या. उद्घाटन होत राहील, पोरीला जाऊ द्या, असा सूर. मी शांतपणे समजावलं. वस्तू वापरली की जुनी होते. जुन्या वस्तूचं उद्घाटन करायला कोण येतो? शिवाय वॉटर फिल्टरचं काय झालं ते आठवा. आठ दिवसांत नळाच्या तोट्या गायब. कमोडवरचं प्लास्टिकसुद्धा मी काढू दिलेलं नाही.

मॅडमचा चेहरा पटल्यासारखा नव्हता. न पटो. नेतृत्व म्हणजे एकटेपणा.

११ नोव्हेंबर
मधले दिवस लिहिणं झालं नाही. कामाचा व्याप.

आज परिपाठात रुचिकाचं जाहीर कौतुक केलं. तिची पाण्याची बाटली सकाळी भरलेली येते आणि संध्याकाळी भरलेलीच घरी जाते. पाण्यासाठी उठबस नाही, बाहेर जाऊ का विचारणं नाही. याला म्हणतात शिस्त. बाकीच्या मुलांनी आदर्श घ्यावा. टाळ्या वाजल्या. रुचिकाने वाजवल्या नाहीत. विनय.

१३ नोव्हेंबर
उद्या बालदिनी उद्घाटन ठरलं होतं. नत्थूजी भाच्याच्या लग्नाला पारशिवनीला. फोनवर म्हणाले, "सर, उद्घाटनाचं काय घेऊन बसले? लेकरं वापरून राहिले ना?" मी म्हणालो, मुलांमध्ये प्रचंड उत्साह आहे. हे खोटं नाही. उत्साह होताच.

नवी तारीख: ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. बालदिनापेक्षा कितीतरी समर्पक. जे होतं ते बऱ्यासाठी.

१ डिसेंबर, सोमवार
आंघोळ करताना लख्ख विचार आला. हिवाळी अधिवेशनासाठी अख्खं सरकार नागपुरात येणार. आणि मी फीत कापायला टाइल्सवाला बोलावतो आहे! नत्थूजी भला माणूस, पण फोटोत वजन हवं. ३ तारीख रद्द. अधिवेशनात कोणीतरी मोठा माणूस गाठायचाच.

घरी बायकोला, शामलाला, प्लॅन सांगितला. तिने विचारलं, तोवर ती पोरगी काय करते. मी म्हणालो, तिला सवय आहे. शामला उठली. जाऊन सोफ्यावरचं प्लास्टिक काढून टाकलं. सोफा घेतल्यापासून होतं ते. एकेकाचा स्वभाव.

१२ डिसेंबर
आठवडाभर आमदार निवासाच्या फेऱ्या. शाल, श्रीफळ आणि स्वच्छतागृहाचा फोटो घेऊन. एका साहेबांच्या पीएने फोटो निरखून पाहिला आणि म्हणाला, हे शौचालय आहे का? मी म्हणालो, नाही, ही एक चळवळ आहे. त्याने फोटो परत दिला.

ते नारळ आम्ही आज खोबऱ्याच्या चटणीत वापरले.

मी खचलेलो नाही. उलट पेटलो आहे.

२२ डिसेंबर, सोमवार
पौष लागला. पौषात शुभकार्य करत नाहीत. दीप्ती मॅडम म्हणाल्या, सर, संडासाला कसला पौष? मी म्हणालो, मॅडम, आपण विज्ञान शिकवतो म्हणून संस्कृती सोडायची नसते. त्या म्हणाल्या, मी मराठी शिकवते.

आणखी एक गोष्ट बोलल्या. रुचिका शाळेत पाणी पीत नाही ते शिस्त म्हणून नाही. प्यायलं तर जावं लागेल, आणि जायला जागा नाही, म्हणून पीत नाही. दीप्ती मॅडम आणि शिपाई मिळून उचलून जुन्याकडे नेतो म्हणाले होते. रुचिकाने साफ नकार दिला. मला कोणी उचलायचं नाही, मी एकटी जाणार, नवीन बांधलं ते त्याच्यासाठीच आहे ना, असं म्हणाली म्हणे.

हट्टी मुलगी आहे. मला हट्टी माणसं आवडत नाहीत. जानेवारीत बघू. मी ठरवलेलं बदलत नाही.

६ जानेवारी, मंगळवार
रुचिका गैरहजर. ताप.

७ जानेवारी
गैरहजर. थंडी आहे, मुलं आजारी पडतातच. आज बॅनरचा मजकूर अंतिम केला. 'सर्वांसाठी खुले द्वार.' माझं नाव मध्यम आकारात.

९ जानेवारी, शुक्रवार
मयुरा आली होती. बसा म्हणालो, बसली नाही. उभ्यानेच बोलली, दार उघडं ठेवून, म्हणजे बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असं. शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो, कारण त्यांना उत्तर द्यायचं आहे.

"सर, पोरीले लघवीचं इन्फेक्शन झालं. डॉक्टर मले विचारून राहिले, तिले पाणी काहून देत नाही तुम्ही. मी काय सांगू त्यायले? का संडास बांधून तयार आहे, पण चाबी हेडमास्तरच्या खिशात आहे?"

मी नियम समजावले. परंपरा समजावली. तोट्यांचं उदाहरण दिलं. ती म्हणाली, मालक आता दुपारी सोडत नाही, कारण तिनेच नोव्हेंबरमध्ये सांगितलं होतं की आता गरज नाही. माझ्या शब्दावर सांगितलं होतं. आता २६ जानेवारीपर्यंत कुलूप निघालं नाही तर ती रुचिकाचा दाखला काढून तिला घरी ठेवणार. जवळपास पोरगी एकटी जाऊ शकेल अशी दुसरी शाळा नाही. म्हणजे चौथीतच शिक्षण बंद.

मी दबावाला बळी पडणारा मुख्याध्यापक नाही, हे स्पष्ट सांगितलं. उद्घाटन २६ जानेवारीला करायचं ठरवलं आहे, ते सर्वस्वी माझ्या मर्जीने. तोवर पौषही संपतो.

ती गेल्यावर खिशातली चावी टेबलावर काढून ठेवली. मग परत खिशात ठेवली. नत्थूजींना फोन केला. ते लगेच हो म्हणाले. ते नेहमीच हो म्हणतात, हा त्यांचा दोष आहे.

१५ जानेवारी
रुचिका आजपासून परत शाळेत. हडकली आहे. सकाळी दोन तास बसते, मग तिची मावशी येऊन नेते. मला गुड मॉर्निंग म्हणाली नाही. मी म्हणालो. तिने मान हलवली.

शेवटचे दिवस आहेत. आता माघार घेतली तर एवढे दिवस कशासाठी थांबलो?

२० जानेवारी, मंगळवार
शाळेत नाही, दवाखान्यातून लिहितो आहे. फीत किती उंचीवर बांधायची हे मंडपवाल्याला कळेना, म्हणून मी स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून दाखवत होतो. खुर्चीचा पाय मोडला. मग माझा. उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर.

फीत मात्र सरळ बांधली गेली.

२३ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, गुडघा वाकवायचा नाही, खाली बसायचं नाही. आमच्या घरी खाली बसायचंच आहे. शामलाने मधे भोक असलेली खुर्ची आणली. तीन दिवस मी या विषयावर काहीही न लिहिण्याचा संकल्प केला होता, तो पाळला. एवढंच नोंदवतो की खुर्ची येण्याआधीचा अर्धा दिवस माणसाला फार काही शिकवतो. काय शिकवतो ते लिहायची गरज नाही.

शामला म्हणते २६ ला घरी राहा. अशक्य. वॉकर घेऊन जाणार. प्लास्टर झालं म्हणून चळवळ थांबत नाही.

२६ जानेवारी, सोमवार, सकाळी
थंडी. शामलाने गवती चहाचा काढा दिला, वर दोन कप चहा. आज भाषण आहे, घसा मोकळा हवा. झेंडावंदन आठला, उद्घाटन नऊला. सगळं माझ्या हातात आहे.

२६ जानेवारी, संध्याकाळी
लिहावं की नाही असं वाटत होतं. लिहितो.

झेंडावंदन छान झालं. नऊ वाजता नत्थूजी नव्हते. त्यांच्या टाइल्सवाल्यांच्या संघटनेचं झेंडावंदन उशिरा सुरू झालं होतं. फोनवर निघालोच म्हणाले. नागपुरात निघालोच म्हणजे अजून आंघोळ व्हायची असते.

मला स्वच्छतागृहासमोर मंडपात खुर्ची दिली होती, पाय स्टुलावर. एका बाजूला रुचिका तिच्या व्हीलचेअरवर, तिच्यामागे मयुरा. दाखल्याचा अर्ज आणला आहे हे तिने आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

साडेनऊ झाले. काढा आणि चहा यांनी आपलं काम सुरू केलं. जुनं स्वच्छतागृह मैदानाच्या टोकाला, पायऱ्या, अरुंद दार, आणि खाली बसायचं. शाळेत मला वापरता येईल असं एकच ठिकाण होतं आणि ते माझ्या समोर होतं, फितीमागे, कुलपात. चावी माझ्याच खिशात.

मी ठरवलं, पाहुणे येईपर्यंत थांबायचं. तत्त्व म्हणजे तत्त्व. जानेवारीत कपाळावर घाम येऊ शकतो हे आज कळलं. मुलांनी देशभक्तीपर गीत सुरू केलं, मी ताल धरायला गेलो आणि लगेच सोडला. शिपायाने पाण्याचा ग्लास आणला, तर मी तोंड फिरवलं.

रुचिका माझ्याकडे बघत होती. खुर्ची जवळ आणून, कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलली.

"सर, हलू नका. हललं का जास्त लागते. पाण्याकडे पाहू नका अन् पाढे म्हणा मनात. उलटे."

मी म्हणालो, कशाबद्दल बोलतेस, कळलं नाही. ती म्हणाली, "मले मालूम आहे, सर." हसली नाही. मला ती हसायला हवी होती.

मी सत्तावीसचा पाढा उलटा म्हटला. नोव्हेंबरपासून ही मुलगी रोज असे पाढे म्हणत होती आणि मी परिपाठात टाळ्या वाजवायला लावल्या. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटणं आणि दुसरी निकड, दोन्ही गोष्टी एकदम आल्या. पहिली कोणती ते सांगू शकत नाही.

मी उठलो. दीप्ती मॅडमनी सजवलेलं कात्रीचं ताट पुढे केलं, तोवर मी फीत हाताने ओढून तोडली होती. कुलपात चावी घातली. कुलूप गंजलं होतं, तरी निघालं. दार उघडलं आणि मी वॉकर पुढे टाकणार, तर दारात व्हीलचेअर.

"आधी मी, सर. मी दिवाळीपासून लाईनीत आहो."

मी बाजूला झालो. ती उतारावरून एकटी आत गेली. मयुरा मागे निघाली, तर आतून आवाज आला, आई, तू बाहेरच राह्य. कडी लागली. मग कमोडवरचं प्लास्टिक टराटरा फाडल्याचा आवाज. मयुराने तोंडावर पदर घेतला. अर्ज तिने कधी चुरगळला ते मी पाहिलं नाही, पण तो तिच्या मुठीत बोळा झालेला होता.

तेवढ्यात नत्थूजींची गाडी आली. हार घेऊन उतरले. तुटलेली फीत, बंद दार, बाहेर प्लास्टरमध्ये मुख्याध्यापक आणि मागे उभी अख्खी शाळा. त्यांनी मला विचारलं, उद्घाटन कोणी केलं? मी भाषणाचं पहिलं वाक्य सुरू केलं. 'आज या मंगल प्रसंगी' इथपर्यंत आलो आणि पुढचं वाक्य बोलायला जेवढा श्वास लागतो तेवढा घेणं मला परवडणारं नव्हतं. मी वॉकरने दारावर टकटक केली.

आतून रुचिका म्हणाली, "थांबा ना, सर. पहिल्यांदाच आली मी."

नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं. मग बॅनरकडे. हार माझ्या वॉकरला अडकवला आणि माझ्यामागे येऊन उभे राहिले.

मी थांबलो.