गाद्यांच्या कपाटासह सगळं

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या मागच्या खोलीत बसून, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे. डावा कान जरा कमी ऐकतो, पण कायद्याला कानाशी देणंघेणं नाही, असं वकीलबाईंनी सांगितलं आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. बायकोचा आहे, पण तो पंचेचाळीस वर्षांचा असल्यामुळे आता जाणवत नाही.

कलम १. राहतं घर आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझ्या पत्नीचं. यावर कुणाला वाद घालायचा असल्यास तिच्याशीच घालावा, म्हणजे लगेच मिटेल.

कलम २. मागच्या खोलीतलं गाद्यांचं कपाट हेही पत्नीलाच, सोबत माझी माफी. तिने ते पांघरुणं ठेवायला हौसेने बनवून घेतलं होतं. मी त्यात स्पीकर ठेवला. माझा गिटारचा अॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा. हळू वाजवला की कुरकुरतो, मोठा केला की गातो, आणि अख्खी इमारत आमच्या दारात येऊन उभी राहते. म्हणून अॅम्प बाहेर टेबलावर, त्याची लांब तार कपाटात, तिथे स्पीकर, स्पीकरपुढे दोन बोटांच्या अंतरावर माइक आणि भोवती घरातल्या झाडून सगळ्या गाद्या-रजया. दार लावून मी खुशाल वाजवायचो आणि रेकॉर्ड करायचो. बाहेर फक्त कपाट गुणगुणल्यासारखं वाटायचं. थंडीत माणसं कुडकुडायची आणि स्पीकर उबेत असायचा. "त्याचंही ताट वाढू का?" असं पत्नीने विचारल्याचं स्मरणात आहे.

कलम ३. गिटार आणि सगळी रेकॉर्डिंगं लेकीला. लहानपणी कपाट गुणगुणलं नाही तर तिला झोप लागायची नाही. एका रेकॉर्डिंगमध्ये वाजवणं ऐन रंगात आलेलं असताना कपाटातूनच तिची शिंक ऐकू येते. लपाछपी चालली होती आणि मला पत्ता नव्हता. ती शिंक पुसू नये.

कलम ४. खालच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. खास त्यांच्यासाठी, थरथर खाली पोचू नये म्हणून, मी स्पीकरखाली मोटारीच्या टायरची हवा भरलेली ट्यूब ठेवली, तरी त्या झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. अॅम्प जळून बंद पडला त्यानंतरही तीन महिने ठोकत होत्या! ट्यूब त्यांना द्यावी. कशाला, ते सांगू नये.

कलम ५. हत्यारं रेडिओ दुरुस्तीवाल्यांना, कारण जळलेला अॅम्प त्यांनी पुन्हा जिवंत केला. आमच्या कंपनीतल्या साहेबांना काही नाही. माझी चांगली पक्कड त्यांनी नेली ती नेलीच.

कलम ६. अॅम्प. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

अॅम्प माझ्या मेहुण्याला, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाला. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. अकरा वर्षं त्याने या घरात पाऊल टाकलेलं नाही. पत्नी दुकानात जाऊन त्याला भेटते, चष्मा ठणठणीत असतानाही, आणि आल्यावर तासभर तोच चष्मा पुसत बसते. ते मला बघवत नाही.

झालं असं. असल्या अॅम्पला स्पीकर जोडलेला नसताना वाजवलं की आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. त्या रविवारी दुपारी घरात पाहुणे होते. पत्नीने रजई मागितली, मी कपाटातून ओढून दिली. तेवढ्यात मेहुणा आला. म्हणाला, "भाऊजी, जरा वाजवून बघू?" मी म्हणालो, "बघ की." आवाज येईना म्हणून तो बटण पिळत गेला आणि धूर निघाला. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "आंधळा आहेस का? पुन्हा या घरातल्या कशाला हात लावू नकोस!" तो अर्धा चहा ठेवून निघून गेला.

संध्याकाळी कपाट उघडलं तर स्पीकरच्या तारेची पिन गादीवर पडलेली. रजई काढताना मीच उपटली होती आणि परत लावायला विसरलो होतो. मी दार लावून घेतलं. आधी लाज वाटली, मग उशीर झाला, मग उशीर झाल्याचीच लाज वाटू लागली.

इथवर वाचून वकीलबाई म्हणाल्या, "काका, हे तुम्ही गेल्यावर वाचलं जाणार. मग त्यांनी काय तुमच्या फोटोला माफ करायचं?"

मी पत्नीला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने फोन आणून माझ्या पुढ्यात ठेवला. मी मेहुण्याला मृत्युपत्रासकट सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "साक्षीदार मिळाले का?"

"एकच मिळालाय."

"दुसरा मी येतो."

कलम ७. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, असा वकीलबाईंचा सल्ला. सबब कलम ६ मधली देणगी रद्द. अॅम्प मी आजच, जिवंतपणी, त्याला हातोहात दिला आहे. त्याने आधी कपाट उघडून पिन तपासली आणि मग दार सताड उघडं ठेवून वाजवलं. खालून ठोकण्याचा आवाज आला. मला फार बरं वाटलं.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

ठिकाण: मागची खोली, कपाटासमोर
तारीख: नऊ, शुक्रवार, दुपार
(सही)

साक्षीदार १: आमचे डॉक्टर. (सही) शुद्धीबद्दल खात्री दिली, कानाबद्दल नाही.

साक्षीदार २: पत्नीचा भाऊ, चष्मेवाला. (सही) सहीखाली त्याच्याच हस्ताक्षरात:

भाऊजी, सुटलेली पिन मी त्याच दुपारी, धूर निघाल्यावर कपाटात डोकावलो तेव्हा, पाहिली होती. मी आलो तेव्हा रजई ताईच्या हातात होती, म्हणून वाटलं तिच्याकडूनच सुटली. तुम्ही तिच्यावर ओरडाल म्हणून गप्प बसलो. ताई आत्ता हे खांद्यावरून वाचते आहे, डोळे पुसते आहे आणि आपल्या दोघांनाही नावं ठेवते आहे. माझा अर्धा चहा राहिला होता. तो प्यायल्याशिवाय अॅम्प उचलणार नाही.